समितीने होकार दिला होता: ऑकलंडच्या ‘दुर्दैवी प्रयोगा’ची गोष्ट

आज दोन तारखांपासून सुरुवात करते.

पहिली तारीख १६ जून १९६६. अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हेन्री बीचर यांचा एक लेख छापून आला. बीचर हे हार्वर्डमध्ये भूलशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी माणसांवर झालेल्या २२ संशोधनांची उदाहरणं दिली होती, तीही नावाजलेल्या ठिकाणची. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांचा जीव धोक्यात घातला गेला होता, आणि बहुतेकांना हे कोणी धड सांगितलंही नव्हतं. बीचर यांनी डॉक्टरांची नावं मुद्दाम दिली नाहीत. त्यांना एखाददुसरा वाईट माणूस पकडून द्यायचा नव्हता, सगळ्या पद्धतीकडेच बोट दाखवायचं होतं.

दुसरी तारीख २० जून १९६६, म्हणजे चारच दिवसांनी. जागा न्यूझीलंड, ऑकलंड शहर, नॅशनल विमेन्स हॉस्पिटल. तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांच्या समितीची बैठक झाली. एका सहकाऱ्याने संशोधनाचा प्रस्ताव मांडला, चर्चा झाली, मंजुरी मिळाली, मिनिट्समध्ये नोंद झाली. सगळं अगदी रीतसर.

आज मी या दुसऱ्या बैठकीची गोष्ट सांगणार आहे. संशोधनातल्या गैरप्रकाराच्या गोष्टी ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर चोरून काहीतरी करणारा माणूस येतो. बंद खोली, खोटे आकडे, वगैरे. इथे तसं काही नाही. इथे दार उघडं होतं, कागद होते, सह्या होत्या. मला म्हणूनच ही गोष्ट जास्त भीतीदायक वाटते.

आधी जागा समजून घ्या. नॅशनल विमेन्स हे काही गावातलं सुमार हॉस्पिटल नव्हतं. ऑकलंड विद्यापीठाचा स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचा पदव्युत्तर विभाग तिथेच होता. १९६३ मध्ये विल्यम लायली यांनी याच हॉस्पिटलात पोटातल्या बाळाला, आईच्या पोटातच, रक्त दिलं. जगात पहिल्यांदा. पुढे माँट लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी इथेच दाखवून दिलं की मुदतीआधी बाळंतपण होणार असेल, तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ मध्ये ते छापून आलं. आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा हे इंजेक्शन देतात. तुम्ही ऐकणाऱ्यांपैकी कोणी सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं असेल, तर कदाचित या कॉरिडॉरशी तुमचंही थोडं नातं आहे.

तर अशी जागा. तिथे असोसिएट प्रोफेसर होते हर्बर्ट ग्रीन.

आता थोडं शास्त्र, फार नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी वरच्या पापुद्र्यातल्या पेशी बदलतात. कॅन्सरच्या पेशींसारख्याच दिसतात, पण अजून खाली शिरलेल्या नसतात. या टप्प्याला डॉक्टर ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणतात. पॅप स्मिअर नावाच्या साध्या तपासणीत याची चाहूल लागते. कापसाच्या बोळ्याने किंवा छोट्या पट्टीने पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. १९६० च्या दशकात जगभरातल्या बहुतेक तज्ज्ञांचं मत असं होतं की हा टप्पा दिसला की तो भाग काढून टाकावा, नाहीतर काही जणींमध्ये पुढे खराखुरा कॅन्सर होतो.

ग्रीन यांना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते हे दोन वेगळे आजार होते आणि एकातून दुसरा होत नाही. इथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळी नुसत्या या निदानावरून तरुण बायकांची गर्भपिशवी सर्रास काढली जायची. तिशीच्या आतल्या बाईला मूल होण्याची शक्यताच संपायची. ग्रीन यांना हे नको होतं, आणि ही चिंता पोकळ नव्हती. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्यात. गरज नसताना केलेलं ऑपरेशन काय असतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पण त्यावर मधला मार्ग होता. पिशवी न काढता, शंकूच्या आकाराचा छोटा तुकडा तेवढा काढायचा. त्याला कोन बायोप्सी म्हणतात. ग्रीन यांच्या प्रस्तावात ३५ वर्षांखालच्या बायकांच्या एका गटासाठी तेही नको, असं होतं. छोटासा नमुना घेऊन निदान पक्कं करायचं, मग नुसती नजर ठेवायची. परत बोलवायचं, परत स्मिअर, परत बघायचं.

आणि मिनिट्समध्ये उद्देश कसा लिहिला होता? हा टप्पा कॅन्सरच्या आधीचा नाही हे सिद्ध करण्याचा प्रयत्न करणे. तपासणे नाही, सिद्ध करणे. मला हा एक शब्द फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला तपासायचं आहे तो आपण चुकलो तर ते कधी आणि कसं कळेल, हे आधी ठरवून ठेवतो. ज्याला सिद्ध करायचं आहे त्याला तशी गरज वाटत नाही. हा प्रयोग कधी थांबवायचा हे ठरवणारं बाहेरचं कोणी नव्हतं. आणि ज्या बायकांवर नजर ठेवायची, त्यांना आपण संशोधनात आहोत हे सांगायचं ठरलंच नव्हतं.

बायका येत राहिल्या. वर्षानुवर्षं. त्यांना वाटत होतं, मोठं हॉस्पिटल आहे, मोठे डॉक्टर आहेत, आपली काळजी घेतायत म्हणून तर सारखं बोलावतात.

हॉस्पिटलमध्येच दोन माणसं अशी होती ज्यांना सगळं दिसत होतं, अगदी शब्दशः. एक बिल मॅकिंडो. ते कोल्पोस्कोप, म्हणजे गर्भाशयाचं तोंड मोठं करून दाखवणारी दुर्बीण, लावून बायकांना तपासायचे आणि स्मिअरही वाचायचे. दुसरे जॉक मॅकलीन, पॅथॉलॉजिस्ट. कापून आलेला नमुना त्यांच्या टेबलावर यायचा. ज्या बाईच्या पेशी गेल्या वर्षी बिघडलेल्या होत्या त्या या वर्षीही तशाच, पुढच्या वर्षी आणखी वाईट, आणि मग एक दिवस त्याच नावाच्या काचेवर खरा कॅन्सर.

दोघांनी आक्षेप घेतले. आधी तोंडी, मग १९७३ मध्ये लेखी. हॉस्पिटलच्या प्रमुखांना मेमो गेले. १९७५ मध्ये चौकशीसाठी समिती नेमली गेली. समितीत कोण? त्याच हॉस्पिटलचे तीन वरिष्ठ डॉक्टर. प्रयोग बंद करा असा आदेश काही त्यातून निघाला नाही. प्रत्येक डॉक्टरला आपल्या पेशंटवर आपल्या मतानुसार उपचार करायचं स्वातंत्र्य असतं, ही ढाल होती. आणि विभागाचे प्रमुख, प्राध्यापक डेनिस बॉनहॅम, ग्रीन यांच्या पाठीशी होते.

जरा त्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही मॅकिंडो आहात. तुमचा बॉस, तुमच्या बॉसचा बॉस, विद्यापीठ, सगळे एका बाजूला. तुम्ही मेमो लिहिलात, तो फायलीत गेला. उद्या सकाळी पुन्हा ओपीडीत तीच बाई येणार आहे, पुन्हा तुम्हीच दुर्बीण लावणार आहात. तुम्हाला दिसतंय. पण उपचार ठरवणं तुमच्या हातात नाही.

मॅकिंडो यांनी मग संशोधकाच्या हातात असतं ते केलं. जुन्या नोंदी काढून मोजायला बसले. मॅकलीन होतेच, रॉन जोन्स नावाचे तरुण डॉक्टर आणि आकडेवारी बघणारे मलिन्सही सोबत आले. १९८४ मध्ये त्यांचा पेपर छापला गेला. अमेरिकेत, ‘ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’ या जर्नलमध्ये.

आकडे ऐका. १९५५ ते १९७६ या काळात हे निदान झालेल्या ९४८ बायकांची माहिती त्यांनी बघितली. त्यातल्या ८१७ जणींचे स्मिअर दोन वर्षांनंतर नॉर्मल होते. त्यांच्यातल्या १२ जणींना पुढे कॅन्सर झाला, म्हणजे दीड टक्का. उरलेल्या १३१ जणींचे स्मिअर बिघडलेलेच राहिले. त्यांच्यातल्या २९ जणींना कॅन्सर झाला. २२ टक्के.

पेपरमध्ये कोणावर आरोप नव्हता. कोरडी भाषा, तक्ते, आलेख. ज्याला वाचता येत होतं त्याला कळलं. बाकी जगाला दोन वर्षं पत्ताच नव्हता. १९८६ मध्ये ओटागो विद्यापीठातल्या डेव्हिड स्केग यांनी न्यूझीलंडच्या मेडिकल जर्नलला एक पत्र लिहिलं, त्यात या प्रकाराला ‘दुर्दैवी प्रयोग’ म्हटलं. त्याच वर्षी मॅकिंडो वारले. पुढचं काही त्यांना बघायला मिळालं नाही.

आणि इथे गोष्टीत दोन बायका येतात, दोघीही डॉक्टर नाहीत. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल. कोनी पत्रकार आणि स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या, बंकल वेलिंग्टनच्या विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या. त्यांनी १९८४ चा तो पेपर वाचला आणि त्यांना प्रश्न पडला: या १३१ जणी कोण? त्यांना हे माहीत आहे का?

शोधता शोधता त्या क्लेअर मॅथिसन यांच्यापर्यंत पोचल्या. मॅथिसन १९६४ पासून नॅशनल विमेन्सला जात होत्या. पंधरा वर्षं. १९७९ मध्ये त्यांना आता यायची गरज नाही म्हणून सोडून देण्यात आलं. १९८५ मध्ये त्यांना कॅन्सर निघाला. त्यांनी आपली केस फाइल या दोघींना बघू दिली, आणि स्वतःच्या पंधरा वर्षांचा खरा अर्थ त्यांना तेव्हा कळला. जून १९८७ मध्ये ‘मेट्रो’ मासिकात लेख आला, त्यात त्यांचं नाव बदलून ‘रूथ’ असं होतं. नंतर त्यांनी स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिलं.

लेख आल्यावर काही दिवसांतच सरकारने चौकशी जाहीर केली. न्यायाधीश होत्या सिल्व्हिया कार्टराइट, पुढे ज्या न्यूझीलंडच्या गव्हर्नर-जनरल झाल्या. सुनावणी महिनोन्‌महिने चालली, देश रोज पेपरात वाचत होता. ऑगस्ट १९८८ मध्ये अहवाल आला. बऱ्याच बायकांना पुरेसे उपचार मिळाले नाहीत, त्यांना न सांगता संशोधनात ठेवलं गेलं, काहींना कॅन्सर झाला आणि काही जणी दगावल्या, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ग्रीन यांनी स्वतःच्या आकड्यांचा अर्थ काही ठिकाणी चुकीचा लावला, हेही होतं. पण अहवालाचा भर एका माणसावर नव्हता. सहकाऱ्यांना माहीत असून त्यांनी थांबवलं नाही, यावर होता.

चौकशीत आणखीही काही बाहेर आलं, ज्याचा शोध घ्यायला कोणी निघालंही नव्हतं. त्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त मुलींचे, नुकत्या जन्मलेल्या बाळांचे, स्मिअर घेतले गेले होते. आईबापांना न विचारता. आणि भूल दिलेल्या बायकांवर, त्यांच्या परवानगीशिवाय, विद्यार्थ्यांना आतून तपासणी करायला शिकवलं जात होतं. मला विचाराल तर हा भाग सगळ्यात जास्त सांगून जातो. एकाच प्राध्यापकाच्या हट्टाची ही गोष्ट असती तर हे सापडलं नसतं. न विचारणं ही तिथली सवय होती.

त्यानंतर न्यूझीलंडमध्ये बदल झाले ते मूळापासून. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समित्या हॉस्पिटलच्या हातातून काढल्या, त्यांत डॉक्टर नसलेल्या लोकांना मोठी जागा दिली, अध्यक्षही बाहेरचा. १९९० मध्ये देशभर स्मिअर तपासणीची योजना आली. १९९४ मध्ये रुग्णांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयुक्तांचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता लागू झाली. बॉनहॅम यांना मेडिकल कौन्सिलने दोषी ठरवलं. ग्रीन यांची तब्येत इतकी ढासळली होती की त्यांच्यावरची सुनावणी झालीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे, हजारो मैलांवर. तर ऐका. १९७६ पासून, म्हणजे ऑकलंडमध्ये मॅकिंडो यांचे मेमो फायलीत पडून होते त्याच काळात, दिल्लीत आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या एका संस्थेने असाच अभ्यास सुरू केला. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बिघडलेल्या अकराशेहून जास्त बायका, उपचार न करता नुसती नजर. काहींना कॅन्सर झाला. हे बाहेर आलं १९९७ मध्ये. खुलासा असा की संमती तोंडी घेतली होती, आणि त्या काळी लेखी संमतीचा नियमच नव्हता. आपल्याकडे ना कार्टराइट चौकशी झाली, ना त्या बायकांपैकी कोणाचं पुस्तक आलं. क्लेअर मॅथिसन कोण हे न्यूझीलंडला माहीत आहे. दिल्लीची एकही क्लेअर आपल्याला माहीत नाही.

मुंबईचंही एक उदाहरण आहे, पण ते इतकं काळंपांढरं नाही. १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. निम्म्या जणींची तपासणी साध्या व्हिनेगरने, प्रशिक्षण दिलेल्या वस्ती-पातळीवरच्या आरोग्यसेविकांकडून. उरलेल्या निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती, तपासणी नाही. निकाल जबरदस्त होता: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्वस्त, गावोगाव करता येईल अशी पद्धत सिद्ध झाली. पण टीकाकारांनी विचारलं, स्मिअर तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत असताना निम्म्या बायकांना तपासणीविना का ठेवलं? संशोधकांचं उत्तर, या बायकांना एरवीही काहीच मिळत नव्हतं, आणि स्मिअरची यंत्रणा उभी करणं आपल्याला परवडत नव्हतं. इथे फसवाफसवी नव्हती, मंजुरी होती, हेतूही चांगला होता. तरी तो प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. ‘एरवीही काही मिळत नाही’ हे कारण गरीब वस्तीतच चालतं, हे खुपतं.

माझी एक मैत्रीण पीएचडी करते, शाळेतल्या मुलांच्या मुलाखती घेते. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर ती जाम वैतागलेली असते. मराठीत संमतीपत्र, आईवडिलांची सही, मुलाने नको म्हटलं तर काय, रेकॉर्डिंग किती वर्षं ठेवणार. ती म्हणते, नुसता कागदांचा खेळ आहे. कधीकधी असतोही. समिती आपल्याच लोकांची असली की होकार द्यायची सवय लागते, तेव्हा तर नक्कीच. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ मध्ये जे नियम आले, त्यांत म्हणूनच लिहिलंय की समितीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक सामान्य माणूस, एक महिला, एक कायदा जाणणारा. आणि अध्यक्ष बाहेरचाच. १९६६ च्या त्या ऑकलंडच्या खोलीत बाहेरचं एक माणूस बसलेलं असतं आणि त्याने नुसतं विचारलं असतं, ‘या बायकांना सांगणार ना?’, तर?

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपत नाही. २००९ मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्याच इतिहासकार लिंडा ब्रायडर यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, प्रयोग असा काही नव्हताच. त्या काळी उपचारांबद्दल जगभर मतभेद होते, आणि ग्रीन त्यातली एक बाजू होती. पुस्तकावरून जोरदार वाद झाला. त्या काळच्या मतभेदांबद्दल ब्रायडर सांगतात ते वाचण्यासारखं आहे. पण १९६६ च्या मिनिट्समधला तो उद्देश आणि १९७३ चे मेमो समोर ठेवले की मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही. रॉन जोन्स, त्या १९८४ च्या पेपरमधले तरुण डॉक्टर, यांनी २०१७ मध्ये आपली बाजू पुस्तकात लिहिली. पुढच्याच वर्षी, अहवालाला ३० वर्षं झाली तेव्हा, ऑकलंडच्या आरोग्य मंडळाने त्या बायकांची आणि त्यांच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली.

२००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये त्याच जुन्या नोंदींवरून एक नवा अभ्यास आला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात ३० वर्षांत कॅन्सरचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. ज्यांचा फक्त छोटा नमुना घेतला आणि सोडून दिलं, अशा १४३ जणींमध्ये ३१ टक्के. हा टप्पा उपचाराविना सोडला तर किती जणींना कॅन्सर होतो, हे इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठेच मोजलेलं नाही, आणि तसं पुन्हा मोजायची परवानगी आता कोणी देणार नाही. त्यामुळे तपासणी का करायची हे समजावताना जगभर हाच आकडा दिला जातो. तुमच्या आईला किंवा ताईला डॉक्टरांनी कधी सांगितलं असेल की ‘हे आत्ताच काढून टाकू, ठेवलं तर तिघींतल्या एकीला पुढे त्रास होतो’, तर त्यातली ती ‘एक’ बहुधा ऑकलंडची आहे.